तुटका धागा दिसेपर्यंत

दत्तनगरच्या शेडला छपरात एकच पारदर्शक पत्रा,
तोही पिवळट, चहा सांडल्यासारखा.
नऊच्या सुमाराला ऊन तिथून खाली यायचं
आणि चौथ्या मागावरच्या टॉवेलवर बसून राहायचं.
तरी अठरा ट्यूब दिवसभर जळत.
लाइटबिल माझ्यापुढं धरून गुंडलाशेठ म्हणाले,
"डिप्लोमा झालाय ना तुझा? कर की काहीतरी."

नव्या पेठेतून एलडीआर आणला,
मसुराच्या दाण्याएवढा, तोंडावर नागमोडी रेघ.
अंधारात तो हटून बसतो, लाखो ओहमवर,
उजेड दिसला की विरघळतो.
त्याच्या जोडीला एक रेझिस्टर दिला.
दोघांच्या मध्ये जे काही व्होल्ट उरतील
त्यावर मॉसफेटनं ठरवायचं,
एलईडीच्या पट्ट्यांना किती वाट द्यायची.
कागदावर सगळं बरोबर होतं.

"कागदावर आमची मजुरीपण बरोबर असती,"
यादगिरीमामा म्हणाला, कांडी बदलत.

पहिल्या संध्याकाळी दिवे लागले.
लागले तसे मंदावले,
मंदावले तसे पुन्हा लागले.
"हे का डोळं मारायलंय, पोरी?"
सगळी शेड हसली. चार माग हसण्यासाठी थांबले.
मी शिडीवर, मान वर, घामानं चष्मा घसरलेला.
आपणच लावलेल्या दिव्यांना
तो मसुराचा दाणा दिवस समजत होता.

मामानं सुताचा रिकामा कोन वर फेकला.
"आतनं काळं कर अन् त्यात बसव त्याला.
घोड्याला लावतेत तशी झापड.
आभाळ सोडून काय दिसायचं नाही."

मग कबुतरं.
पत्र्यावरून एक जरी चाललं
तरी खाली अख्खी शेड दचकायची.
मोठा कपॅसिटर टाकला,
म्हणजे सर्किटला जरा दम धरता यावा,
सावली आली की लगेच अंधार झाला असं समजू नये.
ते जमायला मला नऊ दिवस लागले.

शेवटी राहिला एक स्क्रू.
बारीक, निळ्या डबीतला. तो ठरवणार, पुरेसा उजेड म्हणजे किती.
पुस्तकात आकडा होता.
कॉलेजातून मागून आणलेलं मीटरही होतं खिशात.
मामानं ताण्यातला एक धागा मुद्दाम तोडला
आणि मागापुढं उभा राहिला, हात पाठीमागे.
डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, उजव्यात अजून मोतीबिंदू.
"आता फिरव."
माग बंद होते, कानात नुसती शिट्टी वाजत होती.
बाहेर बायका विड्यांची सुपं घेऊन कारखान्याकडून परतत होत्या,
त्यांचं तेलुगू बोलणं दारापर्यंत येऊन पुढं गेलं.
मी फिरवत होते, केसाएवढं, अजून केसाएवढं.
"दिसंना."
"दिसंना."
"थांब. गावला."

मीटर पुस्तकापेक्षा बरंच जास्त दाखवत होतं.
मी ते खिशात टाकलं
आणि स्क्रूवर लाल नेलपॉलिशचा ठिपका दिला,
हलू नये म्हणून.

मामा आता येत नाही. विडी घरकुलात मुलीकडं असतो.
उजवा डोळा राहूनच गेला.
त्याच्या मागावर एकवीस वर्षांचा पोरगा आहे,
तो काळोखातही धागा जोडतो, मोबाइलवर बोलत बोलत.

परवा शेठ म्हणाले,
"शेजारच्या शेडपेक्षा आपल्याकडं
रोज दहा मिनिटं आधी संध्याकाळ होते बघ.
जरा कमी कर की."

शिडी लावली. स्क्रूड्रायव्हर तोंडात धरून वर गेले.
कोनात कापसाची लव साचली होती, बोटभर.
टॉवेलच्या तुकड्यानं ती पुसली.
ठिपका बघितला, कडेनं थोडा उडालाय.
उतरले.

तेवढ्यानंही दोनेक मिनिटं कमी झाली असतील.