पुंडाचा वाटा

ओरोसच्या सरकारी दवाखान्यात
डॉक्टरांनी विचारलं, आज वार कोणता?
पुंडा म्हणाला, बांगडो.
त्यांनी लिहून घेतलं.
कागदावर आलं : बौद्धिक अक्षमता, पंचाहत्तर टक्के.
शिक्का जरा तिरका पडला होता.

परतताना एसटीत मी बराच वेळ
उरलेले पंचवीस शोधत राहिले.
तो खिडकीला नाक लावून,
सदऱ्याचं बटण भलत्याच काजात.

लोक म्हणतात, देव एक काढतो, दुसरं देतो.
नाही दिलं काही.
भरती कधी, तेसुद्धा त्याला कळत नाही;
कालवांच्या खडपावर अडकला होता एकदा,
छातीएवढ्या पाण्यात हसत उभा.

आई गेल्यापासून
रोज दिवेलागणीला विचारतो, आवस खंय गेली?
मी दर वेळी नवं काही सांगायचे.
त्याला रोज तेच उत्तर हवं होतं
हे कळायला मला तीन वर्षं लागली.
मग मंद कोण, असलं काही म्हणत नाही मी.
लागली, एवढंच.

दांडीवर रापण ओढताना
तोही दोर धरतो, कधी उलटाच ओढतो.
कुणी म्हणालं, ह्याका अर्धो वाटो पुरो.
बाबल तांडेल पान थुंकून म्हणाला,
टक्क्यान वाटो घालूचो
तर आधी माझो गुडघो मोजा.

वाळूत ढीग पडले. एक पुंडाचा.
तो उकिडवा बसून मोजतो :
एक, दोन, चार.
मी म्हणते, तीन.
तीन, तो म्हणतो.
उद्या परत चार म्हणेल.
उद्या मी परत तीन.