बारापर्यंत

रॅक टाकीतून वर येतो
तेव्हा थोडी टाकी त्याच्या अंगाला चिकटून येते.
अकरा वर्षं माझ्या हे ध्यानातच आलं नव्हतं.
आम्ही तीन मोजायचो. एक, दोन, तीन, की पुढच्या पाण्यात.
तासाला किती रॅक, एवढंच वहीत लिहायचं.
थेंब फरशीवर पडायचे.
पडून पडून नारिंगी वाट झाली होती
क्रोमच्या टाकीपासून धुण्याच्या हौदापर्यंत,
महालक्ष्म्यांच्या पावलांसारखी,
फक्त उलटी. घरातून बाहेर जाणारी.

हौदाचा नळ चोवीस तास चालू.
आणि मी राहतो वाळूजच्या अलीकडं,
जिथं टँकर सातव्या दिवशी येतो
आणि त्या दिवशी अयोध्या कामाला खाडा करते.

उत्रेश्वर केजकडचा. नवा हेल्पर. पहिल्याच पाळीला
त्या नळाकडं बघत उभा राहिला.
मामा, म्हणाला, आमच्यात तीन घमेल्यांत भांडी धुतात.
पहिल्यात खरकटं सुटतं, दुसऱ्यात राख निघते, तिसरं नितळ.
दुसरं मग पहिल्यात ओतायचं, तिसरं दुसऱ्यात,
नवं पाणी फक्त तिसऱ्याला.
आणि पहिलं?
पहिलं भोपळ्याच्या वेलाला.

हे कुठल्या वेलाला घालतो, मी म्हटलं.
तो हसला नाही.
टाकीकडं बोट केलं. गरम टाकी,
रोज चार बोटं आटते.
जिथून आलं तिथंच घाला की.

बाहेती शेठला आम्ही नदीचं काही सांगितलं नाही.
क्रोमिक ॲसिडच्या ड्रमचा भाव सांगितला.
त्यांनी चष्मा काढला, पुसला,
आणि दोन जुने हौद वेल्डिंगला पाठवले.

आता बारा मोजतो.
नवव्याला थेंब जाड होतो.
दहाव्याला लोंबतो.
अकराव्याला वाटतं, हा काही पडत नाही.
बाराव्याला पडतो,
आपल्याच टाकीत.
रात्रपाळीत तेवढाच आवाज असतो.

गाळाचे दोन ड्रम भरायचे दर गुरुवारी,
कवटीची चिठ्ठी लावून.
आता एक भरायला दीड महिना लागतो.
ट्रकवाला खवळतो: एवढ्यासाठी बोलावलं?
त्याला चहा पाजतो. काय बोलणार.

शेडमागचा बोअर अजून पिवळाच आहे.
तिथं खाली गेलेलं
कुणी मोजलेलं नाही.

आणि माझ्या नाकातल्या पडद्याला भोक आहे,
ज्वारीच्या दाण्याएवढं.
डॉक्टर म्हणाला, हे भरून येत नसतं.
श्वास घेतला की बारीक शिट्टी वाजते,
सात म्हणताना, आठ म्हणताना.
अयोध्येला ती झोपेतही ऐकू येते.

महिन्यातून एकदा, पाळी सुटताना,
उत्रेश्वरला दारात उभा करतो.
वर बघ, म्हणतो. हलू नको.
मोबाईलची बॅटरी लावून
त्याच्या नाकात बघतो, एका बाजूनं, मग दुसऱ्या.
उजेड आरपार येत नाही.

जा, म्हणतो. मास्क धुऊन आण उद्या.