किल्ली तोदोसियाकडे असते

पिठाच्या डब्यामागे, लाकडीच,
हातभर लांब.
किती जुनं देऊळ, लोक विचारतात.
ती म्हणते, आजीच्या वेळीही गळत होतं.

मारामुरेशच्या ओकाचे ओंडके,
खिळा एकही नाही.
आत मेणाचा वास, ओल्या लोकरीचा.
बायकांच्या बाजूला भिंतभर नरक:
शेजारणीचं दूध चोरणारी,
मिसा चालू असता डुलकी घेणारी,
आणि त्यांना ओढत नेणारा सैतान,
डोळे खरवडलेला.

शहरातून आलेला पोरगा ब्रश भिजवतो.
डोळे तेवढे रंगवतो, म्हणतो.

नको.
सात वर्षांची होते.
बाबांना जंगलातून आणलं फांद्यांवर घालून.
प्रार्थना लांबली.
नखं मोकळी होती.

पोरगा ब्रश पुसतो.
बऱ्याच वेळानं विचारतो,
दोन्ही तुम्हीच?

एक.
दुसरा आईनं.