वाळूची मूठ

पुण्याच्या ऑफिसातून छापील फॉर्म आले, पंचावन्न.
मराठीत पंचवीस, कानडीत तीस,
वर एक पत्र: कर्मचाऱ्यांचे मन जाणून घ्यावे,
शुक्रवारपर्यंत.

फाउंड्रीत मन जाणून घ्यायला
अकरा मिनिटं मिळतात,
एक हीट ओतून झाली आणि दुसरी चढायची आहे, तेवढी.
मी फॉर्म वाटले.
परत आले तेव्हा सगळीकडे चारावर टिक,
सगळ्या टिका एकाच निळ्या पेनाच्या.
भरमाण्णा क्लार्क म्हणाला, मॅडम,
पाच दिलं तर खोटं वाटतंय,
तीन दिलं तर चौकशी येतीय.
चार बरं असतंय.

शिवलिंगप्पा कोअर शॉपचा.
नऊ वर्षांत एक लेट मार्क नाही,
त्या महिन्यात सात.
मेमो टाईप करून ठेवला होता मी, दोन्ही भाषांत,
ऱ्हस्वदीर्घ तपासून.
सही करायच्या आधी, का कोण जाणे,
सकाळी गेटवर जाऊन उभी राहिले.

तो तिसऱ्या गेटकडून पळत आला,
डबा छातीशी धरून.
हिरेबागेवाडीची बस सीबीटीत पोचते सहा पन्नासला,
उद्यमबागची सुटते सहा पंचेचाळीसला.
नवं टाइमटेबल लागून महिना झाला होता.
सांगितलं का नाहीस?
येन माडली, मेडम, तो म्हणाला,
मेमोत उत्तर लिहायला जागा असतीय की,
तिथं लिहिणार होतो.

त्याची वेळ अर्ध्या तासानं सरकवली.
मालक म्हणाले, एकाला दिलंस की रांग लागते.
चुकीचं नव्हते बोलत.
तिसऱ्या दिवशी रांग लागली.
एकाला सुट्टी सांबऱ्याच्या यात्रेला हवी होती,
एकाला पंख्याची दिशा,
बसवण्णीला पगाराच्या चिठ्ठीवर आपलं नाव,
कारण गेली सहा वर्षं तिथं छापून येत होतं बसवानी.

हे एका दुपारचं काम होतं.
नवी चिठ्ठी त्यानं खिशात घातली,
काढली, पाहिली, घातली.
दुपारी साच्यामागं उभा राहून
परत एकदा काढली.
सहा वर्षांत मी त्याच्या शेकडो चिठ्ठ्यांवर सह्या केल्या,
बहुतेक न वाचता.

मी नवी होते तेव्हा
यल्लाप्पा मोल्डरनं माझ्या हातावर काळी वाळू ठेवली होती.
दाब, म्हणाला. आता उघड.
बोटांचे ठसे उमटायला पाहिजेत,
हाताला काही चिकटायला नको.
आता मधोमध मोड. कड बघ.
पाणी जास्त झालं तर ओतकामात फुगा धरतीय,
कमी झालं तर साचा ढासळतोय.
किती पाणी, मी विचारलं, वही काढून.
तो हसला. रोज बघायचं, म्हणाला,
कालची वाळू आज नसतीय.

फॉर्मचा गठ्ठा अजून माझ्या कपाटात आहे.
पुण्याला मी बसचं टाइमटेबल पाठवलं,
आणि एक ओळ, की चार हा आकडा
कृपया धरू नये.
तिकडून पोच आली. बाकी काही नाही.

फेटलिंगची मंगल कणबरकर मात्र
रांगेत उभी राहिली नव्हती.
ती डब्याच्या वेळी जवळ आली, सगळ्यांदेखत म्हणाली,
माझ्या पोराची अंगणवाडी साडेनवाला उघडतीय.
तोपर्यंत ते शेजारणीच्या उंबऱ्यावर बसतंय.
माझा टाइम कधी हलणार?

तिचं मशीन दोघींचं आहे,
दुसरी नसली की ते चालत नाही.
बघते, म्हणाले मी.
सोळा वर्षांत हा शब्द मी किती वाटला असेन,
हिशेब कुठल्याच रजिस्टरात नाही.

शिवलिंगप्पा आता रोज विचारतो, ऊटा आत्री?
जेवण झालं का, मलाच.
मंगल विचारत नाही.
साडेनऊ वाजले की ती ग्राइंडर थांबवते,
चष्मा पुसते,
आणि माझ्या काचेकडं न बघता
पुन्हा सुरू करते.