दोन मिनिटं

वॉर्डन स्टेशन उघड्यावर आहे.
टोरंटोची जमिनीखालची गाडी
इथे श्वास घ्यायला वर येते म्हणे.
आज वर आलीच नाही.

सहा वाजून दहा. उणे एकोणीस.
पाटी म्हणते, पुढची गाडी दोन मिनिटांत.
सहा एकवीस. दोन मिनिटांत.
सहा अडतीस.
पाटी दिल्या शब्दाला जागते आहे,
एक मिनिट इकडचं तिकडे नाही.

कर्ण्यातली बाई सांगते, सिग्नलमध्ये बिघाड.
काल रुळांवर बर्फ होता.
परवा एक दार मिटत नव्हतं.
सोमवारी कारण सांगायचंच राहून गेलं.
पण शेवट न चुकता तोच:
आपल्या संयमाबद्दल आभारी आहोत.
मी कुठे दिला हो संयम?
तुम्ही तो परस्पर खिशातून काढलात
आणि वर पावती फाडताय.

मफलरवर श्वासाची साय धरली आहे.
हातमोजा काढून फोन बघायचा
म्हणजे बोटांवर पाणी सोडायचं.
पर्यायी बस बाहेर उभी आहे, असंही सांगून झालं.
जाऊन पाहिलं. पर्याय नव्हता, बसही नव्हती,
टायरच्या दोन खुणा होत्या, त्याही भरत आलेल्या.

कुगथासन नेहमीच्या तिसऱ्या खांबापाशी,
काखेत थर्मास.
"वीस वर्षांपूर्वी मी या गाडीवर घड्याळ लावायचो,"
म्हणाले, आणि थोडं थांबून, खरेपणाने,
"नाही, तेव्हाही नव्हतो लावत."
हिबाकची नऊला परीक्षा.
पाठ केलेलं तोंडात गोठू नये म्हणून
ती पुटपुटत फेऱ्या घालते आहे.
पूर्वेला उजेड दिसला की
साऱ्या माना एकदम वळतात.
बर्फ ढकलणारा ट्रक असतो.

माझा उशीर माझ्यापाशी राहत नाही, हे खरं दुखणं.
वृद्धाश्रमाच्या चौथ्या मजल्यावर
मी वहीत सही केल्याशिवाय
मारिवेलची रात्रपाळी सुटत नाही.
आणि चारशे बारामधले हाल्डोर्सन,
सातला मी पडदा सारेपर्यंत
डोळे उघडे ठेवून झोपलेले असतात.
पडदा बंद म्हणजे रात्र. हुज्जत नाही.

म्हणून मी एक वाक्य तयार केलं.
दात वाजत होते, त्यांच्यावरच त्याला धार लावली.
जिन्यावर मेट्रोचं जाकीट दिसलं,
हातात मिठाची बादली, छातीवर नाव, लेतेब्रहान.
"बाई, हे काय चाललंय?" इथवर आले.
तिने पाटीकडे बघितलं.
"माझी पाळी पाचलाच संपली.
मीही हिचीच वाट बघतेय.
नुसतं उभं राहिलं की पाय बधिर होतात,
म्हणून मीठ टाकत बसलेय."
आणि एक मूठ माझ्या बुटांपुढे टाकली.

वाक्य जिभेवरच राहिलं.
अजून आहे. कुणाला द्यायचं ते कळत नाही.

सहा बावन्नला गाडी आली, गच्च.
दार उघडलं, कुणी उतरलं नाही.
आत जागा नव्हती.
"परीक्षा आहे हिची, परीक्षा!" कुगथासन ओरडले,
हिबाकला पुढे केलं,
आणि अनोळखी माणसांनी पोटं आत घेतली.
तिच्यामागून मीही घुसले, लाज न धरता.
काचेपलीकडे ते दोघं,
एक थर्मास, एक बादली,
वर पाटी. दोन मिनिटांत.

मेन स्ट्रीट सोडलं, आणि बोगद्यात
गाडी हळू होत होत थांबली.
दिवे एकदा मिचकले.
कुणीतरी नाकातल्या नाकात हसलं.
मारिवेलचा निरोप मघाच येऊन पडला होता:
पडदा मी सारू का?
सार, असं लिहिलं, अंगठ्याने, हातमोज्यासकट,
तीनदा चुकत.

पाठवलं. अक्षरांच्या कडेला
ते छोटं चाक फिरत राहिलं.