उरलेलं फुटेज

लुर्डेलिन मकाबेंता मला ओळखत नाही.
माझ्याकडे मात्र तिचे एकशे चाळीस तास आहेत:
झोपेतली, माशाची खवलं काढताना,
दातात अडकलेला काटा नखानं उकरताना,
आणि एकदा, माइक चालू आहे हे विसरून,
वाराय भाषेत समुद्राला शिवी घालताना.

केसोन सिटी, रात्रीचे अडीच. एसी गळतोय, खाली बादली.
पडद्याच्या कडेला निर्मात्याची चिठ्ठी:
राणी. नाजूक. रडते.
एवढ्यात माणूस बसवायचा, बाकीचा कापायचा.
यालाच आम्ही गोष्ट म्हणतो.

पहिल्या दिवशी तिनं बेटावर चूल पेटवली.
सोडणाचा काथ्या, बांबूवर बांबू घासला,
दोन मिनिटं आणि वर काही सेकंद.
बाकीचे अकरा जण बघतच राहिले.
दिग्दर्शक म्हणाला, छान, आता परत एकदा,
जरा जमत नाही असं.
ती हसली. तेच हसू,
पाच वर्षांपूर्वी मुकुट चढवताना
पिन टाळूत रुतली तेव्हाचं.
मी दोन्ही चित्रं शेजारी लावून पाहिली.
ओठांची कड केसभरही हलत नाही.
मग तिनं ओली काडी उचलली
आणि सात मिनिटं नुसता धूर केला.
प्रसारित झाला तो धूर.

(मुकुट वर्षभरानं परत करावा लागतो, मला माहीत नव्हतं.
पट्टा तेवढा राहतो. आईनं तो सामारला
सुक्या मासळीच्या दुकानात, वजनकाट्याच्या वर टांगलाय.
आता त्याला बोंबलासारखाच वास येतो, ती सांगते, आणि खरंच हसते.
कापलं. वास दाखवता येत नाही.)

एकविसावा दिवस. कबुलीची खुर्ची.
कॅमेऱ्यामागून आवाज: भुकेबद्दल बोल.
कुठल्या, ती विचारते.
स्पर्धेआधी तीन आठवडे काकडी आणि बर्फ चघळला, ती?
वादळानंतर वडिलांनी भिजलेला तांदूळ
उडून आलेल्या कुणाच्या तरी पत्र्यावर वाळवला
आणि आम्ही वाटीनं नाही, चमच्यानं वाटून घेतला, ती?
की ही,
जिच्यात झुडपामागे तुमचे डबे उघडतात
आणि मला इथवर अडोबोचा वास येतो?

पलीकडे कोणीतरी खोकतं.
मग: पहिलीच सांग. आणि डोळ्यांत जरा पाणी.
तिनं सांगितली. पाणी आलं.
मंचावर उत्तराला तीस सेकंद मिळायचे;
इथंही ती एकोणतिसाव्याला थांबली.
त्या आठवड्यात आमचे आकडे चढले. मला बोनस मिळाला,
मुलीला बूट घेतले,
जरा मोठेच, पुढच्या वर्षीही चालतील असे.

शेवटी तिला काढलं. आठ करवंट्या, सहांवर तिचं नाव.
मासे तीच धरायची, हे मी कुठंच ठेवलं नव्हतं,
त्यामुळे दुसऱ्या दिवसापासून बाकीचे उपाशी का
हे घरी बसलेल्या कोणाला कळलं नाही.

एक तुकडा राहिलाय, एकोणीस सेकंदांचा.
तिला न्यायला होडी आलीय. इंजिन घरघरून बंद पडतं.
नावाडी दोरी ओढतो, परत ओढतो.
ती त्याला बाजूला करते, झगा मांड्यांत खोचते,
कोपरापर्यंत हात आत घालते,
काहीतरी फिरवते. इंजिन धरतं.
ती हाताचं तेल हुंगते.
चेहऱ्यावर हसू नाही, रडू नाही,
चिठ्ठीतलं काहीच नाही.

पुसायची वेळ झाली, डिस्क भरत आलीय.
फाइलला नाव सुचेना म्हणून नुसता आकडा दिला
आणि मुलीच्या शाळेच्या फोटोंत ठेवून दिली.

बादली भरली वाटतं. ओतून येतो.