पान सात, खाली उजवीकडे

आज पान सातवर, खाली उजवीकडे,
एक ससाणा हरवला आहे.
वय तीन वर्षं, डाव्या पायात कडी.
आणून देणाऱ्याला बक्षीस.
आकडा मी दोनदा वाचला,
मग त्याला आपल्या पगाराने भागलं.
सव्वीस महिने आले, वर काही फिल्स.

ससाण्याला इथे पासपोर्ट असतो.
विमानात तो मालकाशेजारी बसतो,
डोळ्यांवर चामड्याची टोपी घालून,
आणि कुणी त्याला विचारत नाही
की बाबा रे, परत कधी जाणार.
माझा पासपोर्ट ऑफिसच्या तिजोरीत आहे.
सेफ्टीसाठी, असं वर्गीस म्हणतो
आणि म्हणताना स्वतःचाच खिसा चाचपतो.

पान तीन : गाडी मळकी ठेवली म्हणून एकाला दंड.
पान तीनच : रस्त्यावर बादलीने गाडी धुतली म्हणून दुसऱ्याला.
दोघांच्या मधे धुळीच्या वादळाचा फोटो,
त्याला मात्र काही नाही.

पान पाचवर उंटिणींची सौंदर्यस्पर्धा.
एक बाद झाली, ओठात सुई टोचली होती म्हणून.
ओठ मुळातच लोंबायला हवेत, असा नियम.
हे बार्शीला फोनवर सांगितलं तर बायको म्हणाली,
मग तुमच्या थोरल्या आत्यांचा नंबर हुकला म्हणायचा.
ढगांत विमानाने मीठ मारतात, हेही सांगितलं.
मागून भावाचा आवाज :
विचार, ते कार्गोने पाठवता येतं का.

सरकारने सुट्टी शुक्रवारवरून वाढवून
शनिवार दिला, रविवारही दिला.
आमच्या कंपनीला ती बातमी
अजून मिळालेली नाही.

रोला चौकामागे, बॅगांच्या दुकानावर आम्ही राहतो.
फुटपाथवरच्या काट्यावर माणसं आपलं घर तोलतात :
तीस किलो, सातशे ग्रॅम.
कुणी दूध पावडरचा डबा काढतो,
परत ठेवतो,
स्वतःचा शर्ट काढतो.

तर संध्याकाळी त्या काट्यापाशीच ओरडा झाला.
वर, गच्चीच्या डिश अँटेनावर, पक्षी.
बाकदार चोच. छातीवर ठिपके.
आम्ही सहा जिने विसरून वर पोचलो :
मी, वर्गीस, नातूर गुल रहमान,
दुकानातला दिलकुमार,
आणि रात्री गाड्या धुणारा शहाबुद्दीन.
पाच जण, चार देश, एक भागाकार.
बोलत कुणी नव्हतं. ओठ हलत होते सगळ्यांचे.

गुल रहमानचा मामा स्वातला ससाणे धरायचा म्हणे.
त्याने हाताला पायपुसणं गुंडाळलं,
वर मटणाची बोटी ठेवली,
आणि अशी शीळ घातली
की खालच्या ट्रॅफिकलाही क्षणभर वाटलं, आपल्यालाच बोलावलं.
पक्षी आला.
बसला.
एका बाजूने बघत राहिला, पासपोर्टच्या फोटोत बघतात तसा.

दिलकुमारने मोबाइलचा उजेड पायावर मारला.
डावा पाय. मग, न जाणो, उजवा.
कडी नव्हती.

"खल्लीवल्ली आहे," गुल रहमान म्हणाला.
म्हणजे, जाऊ दे, सोडून दे.
व्हिसा संपूनही राहून गेलेल्या माणसालाही
इथे हेच म्हणतात.
आम्ही खूप हसलो.
शहाबुद्दीन जरा उशिरा हसला.

बोटी संपवून पक्षी अजमानच्या दिशेने गेला,
अमिरात बदलली, कुणी अडवलं नाही.
जिना उतरताना वर्गीसने हिशेब केला :
मटण चार दिरहमचं,
प्रत्येकी ऐंशी फिल्स.
शहाबुद्दीनने तिथेच सुटे दिले.
त्याला उधारी आवडत नाही,
कुठल्या वहीत नाव यावं
हेच त्याला आवडत नाही.